मुंबईतले बेघर: फुकट घर नको, आधी भाड्याची खाट द्या

भायखळा_पूर्व (धागालेखक)

आमच्या सोसायटीच्या ग्रुपवर पुलाखाली झोपलेल्या माणसांचा फोटो आला आणि खाली एकच ओळ, 'यांना कधी हाकलणार?' त्यावरून जी जुंपली ती अ‍ॅडमिनने 'फक्त पाणी आणि पार्किंगबद्दल बोला' म्हणून थांबवली. इथे तसं बंधन नाही, म्हणून धागा काढतोय.

माझं म्हणणं सरळ आहे. मुंबईत रस्त्यावर झोपणारा माणूस बहुतेक वेळा कामाचा माणूस असतो. हमाल, हातगाडीवाला, केटररकडचा वाढपी, वरातीत डोक्यावर दिवे धरणारा, नाक्यावर उभा राहणारा बिगारी. १९८५ साली स्पार्क या संस्थेने भायखळा परिसर आणि काही मोठे रस्ते धरून सुमारे ६,००० पदपथवासी कुटुंबांची पाहणी केली होती. तेव्हाही चित्र हेच होतं: गावाकडे जमीन नाही, शहरात अगदी तळातली मजुरी, आणि कामावर चालत जायचं. बसभाडं वाचवायला माणूस कामाच्या जागेजवळ पथारी टाकतो.

२०११च्या जनगणनेत राज्यात २ लाखांवर बेघर मोजले गेले, त्यातले मुंबईत सुमारे ५७ हजार. त्याच जनगणनेच्या आधारे केंद्राच्या २०१७-१८च्या आर्थिक पाहणीने सांगितलं की मुंबईत ४.८ लाख घरं रिकामी आहेत, देशातल्या कुठल्याही शहरापेक्षा जास्त. हे दोन आकडे शेजारी ठेवून बघा.

आणि आपले आजोबा काय थेट वन बीएचकेत उतरले होते का? कोकणातून गिरणीत आलेला माणूस गावकीच्या खोलीत राहायचा. एका खोलीत वीस-तीस जण, पाळीप्रमाणे झोपायचे, ट्रंक भिंतीला, जेवण खानावळीत. गोव्याच्या खलाशांचे 'कूड' धोबी तलावला आजही आहेत: गावच्या नावाचा क्लब, नाममात्र पैसे, एक खाट, एक पेटी. ही सगळ्यात खालची पायरी आपण शहरातून काढून टाकली आणि वर विचारतो, हे लोक वर का चढत नाहीत.

बदलापूर_स्लो

लेख छान, वाचायला बरा वाटतो. आता माझं ऐका. मलाही मुंबईत परवडत नव्हतं. मी फुटपाथवर नाही पथारी टाकली, बदलापूरला गेलो. पहाटे घर सोडतो, पोरगी झोपलेली असते. रात्री येतो, तेव्हाही झोपलेली असते. वीस वर्षांचा हप्ता आहे डोक्यावर. माझ्यावर कुणी पाहणी केली नाही.

फुटपाथ चालण्यासाठी असतो. माझी आई दादरला रस्त्यावरून चालावं लागलं म्हणून दुचाकीखाली आली, पायात सळी आहे. तिचा हक्क कुठल्या सर्व्हेत मोजला? आणि फुकटची सवय कुणी लावली? झोपडी टाका, पुनर्वसनात घर मिळवा, ते भाड्याने द्या, पुन्हा दुसरीकडे झोपडी. हे मी डोळ्यांनी बघितलंय.

भायखळा_पूर्व

@बदलापूर_स्लो, तुमच्या आईंबद्दल वाईट वाटलं, आणि फुटपाथ मोकळा हवा यावर वाद नाहीच. पण तुम्ही दोन वेगळी माणसं एक करताय. पुनर्वसन योजनेत पात्र व्हायला आधी झोपडी लागते, ती कट-ऑफ तारखेच्या आधीची लागते (आधी १ जानेवारी १९९५, मग २०००, नंतर २०११पर्यंतचे पैसे भरून), आणि वर कागद लागतात. ज्याच्याकडे झोपडीच नाही, नुसती गोधडी आहे, तो त्या रांगेत उभाच राहू शकत नाही. पंतप्रधान आवास योजनेतल्या मालकीच्या घरांचंही तेच, स्वतःची जागा हवी नाहीतर कर्ज फेडायची ऐपत हवी. 'फुकटे' म्हणून आपण ज्याच्याकडे बोट दाखवतो, त्याला फुकट काहीच मिळत नाही.

अस्सल_मराठी

हे सगळे बाहेरून आलेले आहेत. त्यांच्या राज्याने बघावं. विषय संपला.

सावित्री_ना

विषय संपला कसा, दादा. माझे आईबाप जालन्याचे. बहात्तरच्या दुष्काळात विहीर आटली, जनावरं मेली, तेव्हा गाडीत बसून आले. माझा जन्म फुटपाथवरचा आहे आणि मी तुमच्याइतकीच मराठी आहे. सिग्नलवर गजरे विकणारी पारधी बाई दिसते ना, तिला एकदा गाव विचारा.

धागा काढणाऱ्या दादांना पण सांगते. तुम्ही चांगलं लिहिलंय, पण तुमची ती खाट एकट्या पुरुषाची आहे. आम्ही पाच जण होतो. दुकानाचं शटर उघडायच्या आत प्लास्टिक काढायचं, काठ्या जाळीमागे लपवायच्या, भांडी गोणीत भरून गोणी झाडाला बांधायची. पाणी समोरच्या बिल्डिंगच्या वॉचमनकडून, हंड्याला पैसे देऊन. संडासला प्रत्येक वेळी पैसे, म्हणून आई दुपारनंतर पाणीच प्यायची नाही. माझी मोठी बहीण वयात आल्यावर बाबा रात्री झोपलेच नाहीत, बसून राहायचे. शाळेच्या दाखल्यावर पत्ता म्हणून त्या दुकानदाराचं नाव आहे, भला माणूस होता.

महापालिकेची गाडी यायची तेव्हा पाच मिनिटांत सगळं उचलायचं. एकदा गोणी गाडीत गेली, त्यात रेशनकार्ड. पुढे कागद मागितले की आमच्याकडे 'काहीच नाही' असं लिहिलं जायचं. होतं की. गाडीत गेलं.

आणि पाहणीवाले. वर्षाआड कोणीतरी फॉर्म घेऊन यायचं. किती जण, काय खाता, दारू पिता का. कोणी परत येऊन सांगितलं नाही की त्या फॉर्मचं पुढे काय झालं.

अर्थाअर्थी

सावित्रीताई, तुमचा प्रतिसाद धाग्यापेक्षा वजनदार आहे. तरीही मूळ लेखातल्या एका गल्लतीवर बोलायलाच हवं.

४.८ लाख रिकामी घरं आणि ५७ हजार बेघर, हे आकडे शेजारी ठेवून टाळ्या मिळतात, उत्तर मिळत नाही. त्या रिकाम्या घरांत गुंतवणूक म्हणून घेतलेले फ्लॅट आहेत, भावाभावांच्या वादातली घरं आहेत, न विकलेले टॉवर आहेत. उद्या ती सगळी भाड्याने निघाली तरी हमालाला परवडणार नाहीत. फार तर बदलापूरचा माणूस मुलुंडला येईल, मुलुंडचा कुर्ल्याला. तेही वाईट नाही, पण फुटपाथपर्यंत पोचायला वेळ लागेल.

खरं दुखणं जुनं आहे. १९४७च्या भाडे नियंत्रण कायद्याने भाडी गोठवली. घरमालकाला दुरुस्ती परवडेना, नव्याने भाड्यासाठी चाळ बांधायचं कुणी धाडस करेना, पागडी (भाड्याची जागा मिळवायला आधी मोजावी लागणारी मोठी रक्कम) फोफावली. १९९९च्या नव्या कायद्याने लिव्ह अँड लायसन्सला (ठरावीक मुदतीच्या कराराला) बऱ्यापैकी संरक्षण दिलं, तरी 'भाडेकरू बसला म्हणजे बसला' ही भीती मालकाच्या मनातून जात नाही. गावकीची खोली प्रेमाने संपली नाही, ती ज्या चाळीत होती तशी चाळ बांधणंच थांबलं.

'व्यसनी आणि आळशी म्हणून हे रस्त्यावर आले' असं बरेच जण म्हणतात, त्या मुद्द्यावर मात्र मी लेखकाच्या बाजूने आहे. अमेरिकेत बघा. वेस्ट व्हर्जिनियात अमली पदार्थांच्या अतिसेवनाने मरणाऱ्यांचं प्रमाण देशात सर्वांत वरच्यांपैकी, पण बेघरांचं प्रमाण कमी, कारण घरं स्वस्त. कॅलिफोर्नियात उलट. व्यसन कोण घसरेल ते ठरवतं, किती जण घसरतील ते भाडं ठरवतं.

निवारा_रात्रपाळी

मी एका रात्रनिवाऱ्यात काम करतो, कुठल्या ते सांगत नाही. 'सगळे कष्टकरीच' हे अर्धं खरं आहे. आमच्याकडे मनोरुग्ण येतात, घरच्यांनी स्टेशनवर सोडलेले म्हातारे येतात, नवऱ्याला सोडून आलेल्या बायका येतात. परळला कॅन्सरच्या उपचारासाठी आलेली कुटुंबं पुलाखाली दिवस काढतात, त्यांचं गावी घर असतं, शेती असते. दादरची गाडगे महाराज धर्मशाळा अशा किती जणांना पुरणार?

नियमाने लाखाच्या वस्तीला किमान शंभर जणांचा निवारा हवा, माणशी ५० चौरस फूट. म्हणजे मुंबईला १२०च्या वर निवारे लागतील. आपण त्याच्या जवळपासही नाही. आहेत त्यातले बरेच लहान मुलांचे किंवा एकट्या पुरुषांचे. कुटुंबाने कुठे जायचं? नवरा एकीकडे, बायको-मुली दुसरीकडे, असं सांगितलं की ते गाठोडं उचलून परत रस्त्यावर जातात, आणि आपण वहीत लिहितो 'निवारा नाकारला'. हाच शेरा पुढे आकडा होतो.

मोजणीचं म्हणाल तर जनगणनेत बेघरांची गणती एका रात्रीत उरकतात. त्या रात्री वाढपी लग्नात, हमाल मार्केटात.

फिनलंडने २००८पासून उलटं केलं. आधी स्वतःच्या नावावर भाड्याचं घर, मग व्यसनमुक्ती, मग नोकरी. हेलसिंकीतले निवारे मोडून त्यांच्या खोल्या केल्या. तिथे बेघरांची संख्या निम्म्याहून खाली आली.

बदलापूर_स्लो

फिनलंड! लोकसंख्या छप्पन्न लाखांच्या आसपास, म्हणजे जुन्या ठाणे जिल्ह्याच्या निम्मी. तिथे थंडीत माणूस बाहेर झोपला तर सकाळी गोठलेला सापडतो, म्हणून सरकार हलतं. इथे कितीही घरं द्या, दुसऱ्या दिवशी तेवढेच लोक गाडीतून उतरतील.

बरं, तुम्ही सगळे कोर्टाचं नाव काढाल त्याआधीच सांगतो. १९८१ साली तेव्हाचे मुख्यमंत्री अंतुल्यांनी फुटपाथवरच्यांना गावी पाठवायचं काढलं, त्यावरून ओल्गा टेलिस खटला झाला. १९८५च्या निकालात उपजीविका हा जगण्याच्या हक्काचा भाग आहे असं म्हटलं, हे सगळे सांगतात. पण फुटपाथवर राहायचा हक्क कुणालाच नाही आणि रीतसर नोटीस देऊन हटवता येईल, हेही त्याच निकालात आहे. ते कुणी सांगत नाही.

भायखळा_पूर्व

दोन्ही बरोबर आहे. हटवा, पण नेणार कुठे? झोपडीवाल्यांना चेंबूरजवळ माहुलला नेलं, तिथे शेजारी रिफायनऱ्या. लोक आजारी पडले, कोर्टात गेले, आणि २०१९मध्ये उच्च न्यायालयाने सरकारला त्यांची दुसरीकडे सोय करा नाहीतर भाडं द्या असं सांगितलं.

जागा नाही हे मला पटत नाही. गिरण्यांच्या जमिनी आठवा. १९९१च्या नियमाने एक तृतीयांश महापालिकेला मोकळ्या जागेसाठी, एक तृतीयांश म्हाडाला परवडणाऱ्या घरांसाठी मिळणार होत्या. २००१ला नियमात बदल केला, वाटणी फक्त रिकाम्या जमिनीची करायची असं ठरलं, आणि पुढे २००६ला सर्वोच्च न्यायालयानेही ते उचलून धरलं. बांधकाम उभं होतं ती जमीन वाटणीतून सुटली. आज तिथे मॉल आहेत. हमालाने जागा नाही खाल्ली, साहेब.

सावित्री_ना

मला मानखुर्दकडे खोली मिळाली, वरचा मजला, नळाला पाणी. खोटं कशाला बोलू, पहिल्या रात्री दाराला आतून कडी लावली आणि बहिणीने दोनदा उठून बघितली. पण बाबांची हातगाडी होती मशीद बंदरला. तिथून रोज येणं-जाणं झेपेना, वर्षभरात काम सुटलं. आई धुणीभांडी करायची ती घरंही सुटली. आमच्या शेजारच्या एका कुटुंबाने खोली भाड्याने दिली आणि ते परत भायखळ्याच्या फुटपाथवर गेले. बदलापूरच्या दादांनी जे 'डोळ्यांनी बघितलं' ते हेच असेल. चोरी नव्हती ती. भाड्याच्या पैशात पोरांची शाळा चालली.

दादा, तुमची पोरगी झोपलेली असते म्हणालात ना. माझ्या बाबांना तेच नको होतं. तुम्ही लांब राहून ट्रेन भरता, आम्ही जवळ राहून शिव्या खाल्ल्या. तुमचं माझं भांडण का लागलंय मला कळत नाही.

अर्थाअर्थी

२०२०च्या लॉकडाऊननंतर केंद्राने कामगारांसाठी परवडणाऱ्या भाड्याच्या घरांची योजना जाहीर केली होतीच. पाच-सहा लाख मजूर पायी निघाल्यावर नव्हे, त्याआधी सुचली असती तर बरं झालं असतं. कल्पना चूक नाही, पण ती घरं कामाच्या जागेजवळ नसतील तर मानखुर्दचीच गोष्ट पुन्हा.

निवारा_रात्रपाळी

आकडा जपून लिहा हो, पायी निघालेल्यांची धड मोजणी झालेली नाही.

बदलापूर_स्लो

@सावित्री_ना, ताई, तुमच्याशी भांडण नाही. फुटपाथबद्दल माझं मत तेच आहे, आई रोज समोर बसलेली असते. पण भाड्याचं म्हणाल तर माझी हरकत नाही, फुकट असलं की माझं डोकं फिरतं. फक्त ते चालवणार कोण? महापालिकेला दिलं तर सहा महिन्यांत नळ तुटणार, खाजगीला दिलं तर रेट वाढणार, नगरसेवकाला दिलं तर बोलायलाच नको.

सावित्री_ना

कूड गावाचे लोक चालवतात, तर आम्हाला का नाही जमणार? आमच्या बायकांचा बचतगट होता फुटपाथवरसुद्धा, रोजचे दोन-पाच रुपये, एक पैसा इकडचा तिकडे झाला नाही. एकट्यांसाठी खाटा, कुटुंबाला पडद्याची का होईना वेगळी खोली, बायकांचा संडास आत, आणि सामानाला कुलूप लागणारी पेटी. रोजचं भाडं रोज घ्या, महिन्याचं डिपॉझिट मागू नका. डिपॉझिट असतं तर आम्ही चाळीत नसतो का गेलो.

भायखळा_पूर्व

रोजचं किती परवडेल, ताई? आकडा द्या, म्हणजे पुढचं गणित @अर्थाअर्थींना मांडायला सांगतो.

सावित्री_ना

हंडा, संडास, आंघोळ, मोबाईल चार्जिंग, रात्री गोणी सांभाळणाऱ्याचे पैसे. हे सगळं आजही फुटपाथवरचा माणूस रोज भरतोच. आधी त्याची बेरीज करा, मग मला विचारा.