'पंचायत'चा कोणता भाग तुमच्या गावात खरंच घडलाय? विदर्भातून अनुभव आणि गुण

'पंचायत' ही हिंदी वेब मालिका एप्रिल २०२० मध्ये आली तेव्हा सगळे घरात बसलेले होते आणि ग्रामपंचायतीची कार्यालयं मात्र उघडी होती. उत्तर प्रदेशातल्या बलिया जिल्ह्यातलं काल्पनिक गाव फुलेरा, चित्रीकरण मध्य प्रदेशातल्या सिहोर जिल्ह्यातलं, भाषा तिकडची. तरी आमच्या वर्धा जिल्ह्यात ती घराघरात पाहिली गेली, कारण कचेरीवर बेतलेल्या विनोदी मालिका आजवर बहुतेक शहरातल्याच होत्या. इथे कचेरी म्हणजे एक खोली, एक टेबल, एक कुलूप आणि बाहेर उभा असलेला गाव.

मी पंचायत समितीत काम करते. ग्रामसेवक, सरपंच, ऑपरेटर रोज समोर येतात, म्हणून ही विचारणा मुद्दाम त्यांच्यासाठी आणि गावात राहणाऱ्या सगळ्यांसाठी आहे. चारही सीझनमधला तुमचा आवडता भाग सांगा, १० पैकी गुण द्या, आणि त्या भागासारखं तुमच्या गावात काय घडलं ते लिहा. गावाचं आणि माणसांचं नाव नको, जिल्हा पुरे. शेवट आधीच कळला म्हणून राग येणार असेल तर आधी मालिका पाहून या, कारण इथे सगळंच बोललं जाणार आहे.

माझं मत आधीच सांगून टाकते. कचेरीतल्या कामातून विनोद निघतो ते भाग मला सगळ्यात श्रेष्ठ वाटतात, आणि असे भाग पहिल्या सीझनमध्ये जास्त आहेत. आमदार, मारामाऱ्या, गोळीबार सुरू झाल्यावर मालिका पाहवते, पण ती आपली राहत नाही. पहिल्या सीझनला माझे ९, तिसऱ्याच्या शेवटच्या तीन भागांना आणि चौथ्या सीझनला ५.

ग्रामपंचायत अधिकारी, यवतमाळ जिल्हा

(पूर्वीचा ग्रामसेवक. पदाचं नाव बदललं, गावात अजून ग्रामसेवकच म्हणतात.)

पहिल्या सीझनचा पहिला भाग, ९ गुण. नवा सचिव गावात येतो आणि कार्यालयाच्या कुलपाची किल्लीच सापडत नाही. शहरातल्या माणसाला ही लेखकाची कल्पना वाटेल. मी रुजू झालो त्या गावात किल्ली शिपायाकडे, शिपाई तुरीच्या वावरात, आणि वावर नाल्याच्या पलीकडे. नाल्याला पाणी. दुपारपर्यंत मी मारुतीच्या पारावर बसून होतो आणि तेवढ्या वेळात अर्ध्या गावाशी ओळख झाली. एका आजोबांनी घरून चहा आणला, दुसऱ्यांनी लगेच नमुना आठचा उतारा मागितला. कार्यालय उघडायच्या आधीच माझं काम सुरू झालं होतं.

दिग्दर्शक दीपक कुमार मिश्रा आणि लेखक चंदन कुमार यांचं मोठेपण मला इथेच दिसतं. सचिव अभिषेक त्रिपाठी वैतागलेला आहे, पण गाव वाईट दाखवलेलं नाही. वीस हजार पगारावर आलेला इंजिनिअर आणि त्याला साधेपणाने आपल्यात घेणारा गाव, दोघांचीही बाजू खरी वाटते.

एक गोष्ट मात्र आमच्याकडे वेगळी आहे. त्याला एकच गाव आहे. आमच्यापैकी बऱ्याच जणांकडे दोन-दोन गावांचा कारभार असतो. या गावात असलं की त्या गावातून फोन येतो, 'साहेब, काहून नाही आले आज?' चाकाच्या खुर्चीच्या भागात नवरदेव सचिवाची खुर्ची मागतो आणि सचिव अडून बसतो, ते मला नीट समजलं. दुसऱ्याच्या गावात राहणाऱ्या माणसाची हक्काची म्हणावी अशी तेवढीच एक वस्तू असते. त्या भागाला ८.

माजी सरपंच, अमरावती जिल्हा

पहिल्या सीझनचा शेवटचा भाग, १० पैकी १०. बाकीच्या भागांना गुण द्यायची मला गरजच वाटत नाही.

आपल्या राज्यात २०११ पासून ग्रामपंचायतीत निम्म्या जागा बायांसाठी आहेत. आमची सरपंचाची जागा राखीव निघाली म्हणून घरच्यांनी माझं नाव टाकलं. हे गावालाही माहीत होतं, मलाही. निवडून आले, हार पडले, आणि दुसऱ्या दिवसापासून लोक दारात येऊन 'सरपंचसाहेब हायेत का?' म्हणून यांना विचारू लागले. मी आतून पाणी आणून द्यायची.

फुलेऱ्याची प्रधान, म्हणजे सरपंच, मंजू देवी झेंड्यासाठी राष्ट्रगीत शिकते, म्हणताना अडखळते, तो प्रसंग मी घरी सगळ्यांसोबत पाहिला. नीना गुप्तांनी तो असा केलाय की हसू येतं आणि त्याच वेळी घसा दाटतो. माझ्या पहिल्या पंधरा ऑगस्टला शाळेतल्या बाई आदल्या संध्याकाळी घरी आल्या होत्या. दोरीला गाठ कशी असते, कोणतं टोक ओढायचं, झेंडा अडकला तर घाबरायचं नाही, सगळं त्यांनी ओढणीला गाठ मारून दाखवलं. सकाळी माझे हात कापत होते, पण झेंडा पहिल्या झटक्यात उलगडला. मालिका पाहताना सासूबाई म्हणाल्या, 'तू बी अशीच थरथरत होती.' त्या दिवशी त्यांनी माझ्याकडे पाहिलं होतं, हे मला तेव्हा पहिल्यांदा कळलं.

मालिकेवर एक आक्षेप आहे आणि तो मी कळकळीने मांडते. झेंड्याच्या दुसऱ्या दिवशी काय? दुसऱ्या सीझनमध्येही बहुतेक कारभार तिचे यजमान, ज्यांना गाव प्रधानजी म्हणतं, तेच करतात आणि मंजू देवी घरातून शहाणपणाचं बोलते. खरा बदल झेंड्याने होत नाही, पैशाच्या कागदाने होतो. आता वित्त आयोगाचा पैसा सरपंच आणि ग्रामसेवक या दोघांच्या डिजिटल सहीशिवाय निघत नाही. त्या सहीचं डोंगल असतं. माझं डोंगल यांच्या कपाटात होतं. एका मासिक सभेआधी मी ते मागून घेतलं आणि माझ्या पर्समध्ये ठेवलं. भांडण झालं नाही, पण दोन दिवस घरात कोणी फारसं बोललं नाही. मग बिलं माझ्यासमोर येऊ लागली. मुरूम किती ब्रास आला, नालीची लांबी किती, हे मी जागेवर जाऊन विचारायला लागले. हा भाग कोणी लिहील तर मी त्याला आत्ताच १० देऊन ठेवते.

संगणक परिचालक, बुलढाणा जिल्हा

'कंप्यूटर नहीं मॉनिटर', ७.

कार्यालयातला मॉनिटर चोरीला जातो आणि संशय, राग, लाज सगळं सचिवाच्या अंगावर येतं. हे बरोबर पकडलंय. ग्रामपंचायतीतली प्रत्येक वस्तू सगळ्या गावाची असते, पण हरवली की ज्याच्या हाताखाली होती त्या एकट्याची होते. आमच्याकडे बॅटऱ्या गेल्या होत्या. त्यानंतर दाखला घ्यायला येणारा प्रत्येक माणूस आधी बॅटरीचं विचारायचा आणि मग दाखल्याचं.

तीन गुण कापले कारण मालिकेत संगणकावर काम कधी दिसतच नाही. साइट बंद, नेटवर्क नाही, ओटीपी ज्या मोबाइलवर येतो तो मुलगा पुण्यात, आणि म्हातारा समोर बसून 'होईन ना बाप्पा आज?' म्हणून विचारतो. यावर अख्खा भाग होऊ शकला असता आणि लोक पोट धरून हसले असते.

शेतकरी, अकोला जिल्हा

ताई, तुमच्याशी मी अजिबात सहमत नाही. चौथा सीझन सगळ्यांनी कमी लेखला, मी त्याला ८ देतो.

जून २०२५ मध्ये तो आला. निवडणुकीत मंजू देवी विरुद्ध भूषणची बायको क्रांती देवी, एकीकडे लौकी (दुधी) हे चिन्ह आणि दुसरीकडे कुकर. लोक म्हणतात विनोद कमी झाला आणि गोष्ट लांबली. पण ज्याने ग्रामपंचायतीची निवडणूक जवळून पाहिली त्याला माहीत आहे की ती अशीच लांबते. विधानसभेला माणूस पक्ष पाहतो. इथे मतदार म्हणजे चुलत भाऊ, शेजारचा धुरेकरी, तुमच्या बोअरवरून पाणी नेणारा. पॅनल पडलं की पांदण रस्त्यावर समोरासमोर आलेले लोक नमस्कार करायचे की नाही यावर अडतात. धुऱ्यावरून कधी न भांडलेली दोन घरं आमच्याकडे एका वॉर्डाच्या निकालावरून एकमेकांच्या लग्नाला गेली नाहीत.

मंजू देवी हरते, हे मला सगळ्यात आवडलं. चार सीझन आपण ज्या बाजूने बसलो ती बाजू हरली. बनराकसला, म्हणजे भूषणला, आपण इतके दिवस हसलो आणि गावाने त्याच्या घरात सत्ता दिली. गाव असंच असतं. मतमोजणीचा भाग ९.

(यावर माझं उत्तर: दादा, निवडणुकीचं तुमचं म्हणणं मान्य. तरी प्रचारात कचेरी हरवली, सचिवाला टेबलच उरलं नाही, ही माझी तक्रार कायम आहे. तुमच्यामुळे ५ चे ६ करते.)

झाडीपट्टी रंगभूमीचा कलावंत, ब्रह्मपुरीकडचा

दिवाळी झाली की आमचे प्रयोग सुरू होतात, वडशाच्या मंडळ्या गावोगाव फिरतात, रात्रभर नाटक चालतं. पहाटे तीनला जागा राहिलेला प्रेक्षक हसवायचा असतो, म्हणून हसण्याकडे मी कामाच्या नजरेने पाहतो.

'भूतहा पेड़', ९. सौर दिवा कुठे लावायचा, एवढाच प्रश्न. भुताच्या झाडाजवळ की सचिवाला अभ्यासाला उजेड मिळावा म्हणून कार्यालयाजवळ? छोट्या प्रश्नावर मोठी माणसं गंभीर होतात तिथे हशा पिकतो, आणि हे फार अवघड काम आहे. कार्यालयातला सहायक विकास, त्याची भूमिका करणारा चंदन रॉय बघा. वाक्य बोलण्याआधी तो सचिवाच्या तोंडाकडे पाहतो, अंदाज घेतो आणि मग बोलतो. त्या अर्ध्या क्षणात प्रेक्षक आधीच हसलेला असतो. प्रधानजी झालेले रघुवीर यादव तर रंगमंचावरचेच. संवाद संपल्यावरही त्यांचा चेहरा काम करत राहतो.

आमच्या नाटकात विनोदी पात्राचा प्रवेश वेगळा असतो, तो येतो, हसवतो, जातो. फुलेऱ्यात विनोद कोणा एकाकडे सोपवलेला नाही. नवीन मुलांना मी हे भाग आवाज बंद करून पाहायला सांगतो.

भंडारा जिल्हा

दुसऱ्या सीझनचा शेवटचा भाग, 'परिवार'. माझा भाऊ केंद्रीय राखीव पोलीस दलात आहे. उपप्रधान प्रल्हादचा सैनिक मुलगा गेल्याची बातमी येते तिथे आईने टीव्ही बंद करायला लावला. उरलेला भाग मी नंतर एकट्याने पाहिला. प्रल्हाद झालेल्या फैसल मलिक यांनी जे केलंय त्याला मी आकडा देऊ शकत नाही. २०२३ च्या इफ्फी चित्रपट महोत्सवात याच सीझनला वेब मालिकेचा पहिला पुरस्कार मिळाला, तेव्हा मला तोच भाग आठवला.

ग्रामरोजगार सहाय्यक, वाशिम जिल्हा

तिसऱ्या सीझनचा 'घर या ईंट पत्थर', ९. त्यातली अम्मा घरकुलासाठी नातवाने घराबाहेर काढल्याचं नाटक करते. हे पाहून आमच्या घरात सगळे माझ्याकडे पाहू लागले, कारण अशा अम्मा मी ओळखतो.

प्रधानमंत्री आवास योजनेत सपाट भागात १ लाख २० हजार मिळतात, तेही हप्त्यांनी. यादीत नाव यायला घर कच्चं लागतं, कुटुंब वेगळं लागतं. मग म्हातारी एकाच अंगणात वेगळी चूल मांडते. तपासणीला जाणाऱ्याला दिसतं की दोन्ही चुलींवरचं पीठ एकाच डब्यातलं आहे. काय लिहायचं? खोटं लिहिलं तर दुसऱ्या कोणाची तरी पाळी जाते. खरं लिहिलं तर त्या पडक्या कुडाच्या घरात पुढचा पावसाळा निघतो. प्रल्हाद त्या अम्माशी बोलतो तेव्हा नियम सांगत नाही, स्वतःच्या रिकाम्या घराचं दुःख सांगतो. मला रिपोर्टच लिहावा लागतो, म्हणून तो प्रसंग मी पुन्हा पुन्हा पाहिला.

अंगणवाडी सेविका, वर्धा जिल्हा

'हमारा नेता कैसा हो?', ८. कुटुंब नियोजनाची घोषणा भिंतीवर लिहिली जाते, जास्त मुलं म्हणजे मूळव्याध असं काहीतरी, आणि ज्यांच्या घरी जास्त मुलं ते चिडतात. वरून आलेलं वाक्य खालच्या माणसाने रंगवायचं आणि शिव्याही त्यानेच खायच्या, हे आम्हा सेविकांना कोणी शिकवायला नको.

आपल्याकडे या विषयाला आणखी धार आहे. १२ सप्टेंबर २००१ नंतर तिसरं मूल झालं तर ग्रामपंचायतीची निवडणूक लढता येत नाही. त्यामुळे निवडणूक जवळ आली की अंगणवाडीच्या रजिस्टरला भाव येतो. कोणाचं तिसरं, कोणाचं बाळ मामाकडे वाढतंय, हे विचारायला दोन्ही पॅनलचे लोक येतात. मी कोणालाच रजिस्टर दाखवत नाही.

ग्रामसभेत काम करणारा, गडचिरोली जिल्हा

मालिका आवडते, पण एकूण ६. फुलेऱ्यात निर्णय घेतात चार माणसं, प्रधानजींच्या अंगणात, चहा पिताना. आमच्या जिल्ह्यात मेंढा-लेखासारखं गाव आहे, जिथे 'आमच्या गावात आम्हीच सरकार' ही घोषणा फक्त भिंतीवर राहिली नाही. २००९ मध्ये त्यांना सामूहिक वनहक्क मिळाला आणि बांबूचा कारभार ग्रामसभेने हातात घेतला. सगळ्यांचं एकमत होईपर्यंत तिथे बैठक चालते. एकमताला लागणारा वेळ, रुसवे, मध्येच उठून जाणारे, पुन्हा येणारे, यात केवढा तरी विनोद आहे. ग्रामसभा हेच मुख्य पात्र असलेला एक भाग मला पाहायचा आहे.

ग्रामपंचायत शिपाई, नागपूर जिल्हा

मी मोठं लिहीत नाही. मुलगी टाइप करून राहिली, मी सांगतो.

मले 'बहुत हुआ सम्मान' आवडला नाही, ५. सचिवाले मार बसते, मग बंदूक, बदला. आमच्या साहेबाले एकदा बाजारात एकानं कॉलर धरली होती. दुसऱ्या दिवशी साहेब आले, वसुलीचं रजिस्टर काढलं, त्याच माणसाचं घरटॅक्सचं काम आधी करून देलं. तो माणूस खाली मान घालून गेला. असं दाखवाले पाह्यजे होतं.

विकास मले सगळ्यात जवळचा वाटते. त्याच्या सगळ्या भागाईले ९. किल्ली, झाडू, पाण्याची मोटर, खांबावरचे लाइट, दवंडी, सगळं त्याच्यासारख्याच माणसाकडे असते. सचिव बदलून जाते, प्रधान हरते, हा तिथंच राह्यते. फक्त एक सांगा कोणीतरी त्या लेखकाले, विकासचा पगार किती आणि वेळेवर होते का नाही, याचा एक भाग करा म्हणा.