प्रश्न पॅनेलांचा कमी, तारांचा जास्त

नेहमी विचारलं जातं की मार्च २०११ च्या फुकुशिमा अणुदुर्घटनेनंतर जपानने सरळ सौर पॅनेल का नाही लावले? लावले की! जुलै २०१२ पासून मोठ्या सौर प्रकल्पांना युनिटमागे ४० येन, तेही २० वर्षं बांधून दिले. पॅनेलांचा पाऊस पडला. अडलं ते ग्रिडपाशी, म्हणजे वीज वाहून नेणाऱ्या तारांच्या जाळ्यापाशी.

पूर्व जपानची वीज ५० हर्ट्‌झवर (सेकंदाला ५० आवर्तनं) चालते, पश्चिमेची ६० वर. एकोणिसाव्या शतकात टोकियोने जर्मन जनित्रं घेतली, ओसाकाने अमेरिकन. ते दुखणं अजून चालू आहे. साध्या ट्रान्सफॉर्मरने हे जुळत नाही. एसीची (दिशा बदलत राहणारी वीज) डीसी (एकाच दिशेची) करून पुन्हा एसी करावी लागते. मार्च २०११ मध्ये असं रूपांतर करणाऱ्या केंद्रांची एकूण क्षमता जेमतेम १,००० मेगावॉट, म्हणजे एका मोठ्या अणुभट्टीएवढी. पश्चिमेकडे वीज असूनही टोकियोत पाळीपाळीने भारनियमन झालं ते म्हणूनच. २०२१ मध्ये ही क्षमता २,१०० मेगावॉटवर गेली.

दक्षिणेकडच्या क्यूशू बेटावर ऑक्टोबर २०१८ पासून मागणीपेक्षा वीज जास्त झाली की भर दुपारी सौर वीज बंद करायला लावतात. नियमाने आधी औष्णिक कमी करायची, पंपाने पाणी वरच्या धरणात चढवायचं, उरलेली होन्शू या मुख्य बेटाला पाठवायची, मग बायोमास, मग सौर-पवन. अणुवीज सगळ्यात शेवटी, कारण अणुभट्टीची वीज दुपारपुरती कमी-जास्त तिथे करत नाहीत. म्हणजे क्यूशूतल्याच सेंदाईच्या अणुभट्ट्या २०१५ मध्ये पुन्हा सुरू झाल्या आणि सौर विजेसाठी दुपारची जागा आणखी आखडली.