टेकडीवरच्या तिरंदाजाला जास्तीचं काहीच कामून नाही?

देवगिरीवाला: काल एकानं इथं ठणकावून लिहिलं की वेसनॉथ या कॉम्प्युटरवरच्या लढाईच्या खेळात बाण मारणारा डोंगरावर असो की चिखलात, नेम तोच राहतो आणि तेच बरोबर, उंचीचा बोनस म्हणजे आळशी खेळाडूंचे लाड. वाचून डोकंच सणकलं. एक्सकॉम नावाच्या दुसऱ्या खेळात उंचावरून मारलं की नेमाला 20 जास्त. सिव्ह 5 या आणखी एका खेळात टेकडीवरून मधल्या झाडीपलीकडचं दिसतं, म्हणून तिरंदाजाला मारता येतं. आणि इथं? माझा एल्फांच्या फौजेतला तिरंदाज डोंगरावर, खाली गावात भालेवाला. चार बाण, प्रत्येकाची लागायची शक्यता 40 टक्के. सपाटीवरून मारले असते तरी 40च! मग एवढ्या मूव्ह घालवून वर चढायचं कशाला?

आमचं लहानपण ज्वारी राखण्यात गेलं. माळ्यावरून गोफण सोडली की दगड कुठल्या कुठं जातो, बांधावरून तेवढा जात नाही. शेंबड्या पोरालाही कळतं हे.

भोकरदनकर: लिहिणारा मीच. दादा, तो भालेवाला उलटून भाला फेकतो, ते सोयीस्कर गाळलंत. सपाटीवर तो तुम्हाला 60 टक्के लागतो, डोंगरावर 40. डोंगराचं देणं तिथं चुकतं झालं. वर नेमालाही बोनस मागणं म्हणजे एकाच पिकाचा विमा दोनदा उचलणं. आणि दगड लांब जातो म्हणालात, पाखराला लागतो असं कुठं म्हणालात?

देवगिरीवाला: लागायचा! विचारा आमच्या गावात.

परभणीची ताई: डोंगर राहू द्या बाजूला. चारच्या चार बाण हुकतात त्याचं बोला. माझ्याच नशिबी का? हा खेळ मुद्दाम करतो.

बिंदुसरा: ताई, 40 टक्क्यांनी चारही हुकायची शक्यता 13 टक्के आहे. आठ हल्ल्यांत सरासरी एकदा होतंच. जादूगार घ्या, त्याचा नेम कुठंही 70 टक्के.

परभणीची ताई: गणित मला नका शिकवू. मी बघितलंय ते बघितलंय.

देवगिरीवाला: मुद्द्यावर या. देवगिरीचा किल्ला उंचावर उगाच बांधला का?

भोकरदनकर: आणि 1633 मध्ये मोगलांनी वेढा घालून घेतलाच ना तो? राहू द्या. असई आमच्या तालुक्यात आहे, तिथल्या लढाईवर बोला. 23 सप्टेंबर 1803. केळणा आणि जुईच्या बेचक्यातली जमीन. शिंद्यांच्या तोफा कुठल्या कड्यावर नव्हत्या, सपाटीवरच रांगेत होत्या. तरी इंग्रज कंपनीचा सेनापती वेलस्ली, त्याच्या तोफांचे बैल मारले, तोफा मागं पडल्या, आणि त्याचं पायदळ उघड्यावरून मार खात चालत आलं. कंपनीची दीड हजारांवर माणसं कामी आली किंवा जखमी झाली. उंची शून्य!

बिंदुसरा: पण जिंकला तोच की. काठांवर समोरासमोर दोन गावं दिसली, म्हणजे मधे नदीला उतार, चालत पार व्हायची उथळ जागा, असणारच, हे त्यानं ताडलं. खरा भूभाग तो उतार होता.

परभणीची ताई: उतार नाही न काही नाही! एवढं घोडदळ होतं आपलं, केलं काय त्यानं? सरदार नीट उभे राहिले असते तर दोन उतार सापडूनही काही झालं नसतं.

बिंदुसरा: झालं. प्रत्येक धागा शेवटी फितुरीवर येतो.

परभणीची ताई: फितुरी म्हणाले का मी? वाचायला शिका आधी.

भोकरदनकर: अहो ऐका तर. तोफा सपाटीवर होत्या, तरी माणसं मेली, कारण ती उघड्यावर होती. मार खाणारा कुठं उभा आहे ते बघायचं. वेसनॉथ दुसरं काय करतं? तिथला लांबचा हल्लासुद्धा शेजारच्या हेक्समधूनच, म्हणजे नकाशावरच्या सहा बाजूंच्या घरातूनच होतो; अंतरच नाही, उंचीचं काय लोणचं घालता?

देवगिरीवाला: वा! म्हणजे वेसनॉथचे नियम असईच्या रानात ठरले. बरं बाबा, शेजारच्या हेक्सचं तेवढं मान्य. तिथं उंचीला अर्थ नाही. सिव्हमध्ये दोन टाइल्सवरून मारतात, तिथं तुमची असई चालत नाही. आणि ‘आळशी’ मागं घ्या.

भोकरदनकर: घेतला. ‘माळ्यावर बसून राहणारे’ चालेल?

देवगिरीवाला: शनिवारी रात्री या. मी एल्फ घेतो, नकाशा तुमचा.

परभणीची ताई: मीही येते. फासे कोण टाकतं ते बघायचंच आहे मला.