जुन्या प्लॅस्टिकच्या खेळण्यातल्या गाड्या ओळखायच्या कशा?

निळेरूळ
नमस्कार मंडळी. प्लॅस्टिकच्या जुन्या गाड्या जमवायला नुकतीच सुरुवात केलीये आणि एक खोकं हाती लागलंय, त्यात सगळी सरमिसळ आहे. एक तीन डब्यांची सेलवर चालणारी गाडी आणि बरेच निळे रूळ, एक लाल इंजिन, त्याच्या पोटाखाली फक्त 'मेड इन हाँगकाँग', कंपनीचं नावच नाही, आणि एक प्रवासी डबा मधोमध केळ्यासारखा वाकलेला. निळे रूळ बघून एक जण म्हणाला लेगो, दुसरा म्हणाला जपानी. कुणाचं खरं? साल कसं काढतात? सेलच्या खणात पांढरी पावडर जमलीये, तर सगळंच गरम साबणाच्या पाण्यात घालून धुवून काढू का?

इंजिनवेडा
थांबा हो, धुवू नका! आधी पोटाखालचं सगळं वाचून घ्या, फोटो काढून ठेवा, कागदी स्टिकर असेल तर तो पाण्यात गेला की ओळख पण गेली. वाकलेल्या डब्याला तर गरम पाणी दाखवूसुद्धा नका.

आता रूळ. एक तुकडा हातात घेऊन बघा. लेगोचे निळे रूळ १९६६ ते १९७९ या काळातले, त्यात दोन पट्ट्या सुट्या असतात आणि खालच्या स्लीपरवर दाबून बसवतात, तिथे लेगोची ती नेहमीची गोल बटणं दिसणारच. १९८० पासून त्यांचे रूळ करडे झाले. आणि जर अख्खा तुकडा एकसंध असेल, चाकं दोन खोबणींतून पळत असतील, एका टोकाला जीभ आणि दुसऱ्या टोकाला ती अडकायची खाच असेल तर ते प्लारेल, म्हणजे टॉमी या जपानी कंपनीची खेळण्यातली रेल्वे. माझा अंदाज प्लारेलच, तीन डबे म्हणताय म्हणून. पुढच्या डब्यात मोटर, मागचे दोन नुसते ओढले जातात, ही त्यांची ठरलेली पद्धत.

फक्त रुळांवरून वय काढायला जाऊ नका. प्लारेल १९५९ मध्ये आलं, तेव्हा गाडी हाताने ढकलायची होती, मोटर १९६१ ला आली, पण रुळाचं माप त्यांनी तेव्हापासून आजपर्यंत बदललेलं नाही. जुने आणि नवे तुकडे एकमेकांत बिनधास्त बसतात, म्हणून अशा खोक्यांत दोन पिढ्यांचे रूळ मिसळलेले सापडतात. वय गाडीच्या पोटाखाली बघायचं. 'मेड इन जपान' असेल तर छान. टाकारा आणि टॉमी २००६ मध्ये एक झाल्या, त्यामुळे टाकारा टॉमी असं जोडनाव असेल तर गाडी त्यानंतरचीच.

साचेबंद
लाल इंजिनाबद्दल सांगते. हाँगकाँगचा माल साधारण १९५० च्या दशकापासून ८० च्या दशकापर्यंतचा, नंतर बहुतेक कारखाने चीनमध्ये गेले. त्यातल्या कितीतरी खेळण्यांवर कारखान्याचं नाव कधी नव्हतंच, वेगवेगळे विक्रेते आपापल्या खोक्यात घालून विकायचे. त्यामुळे नाव सापडलं नाही म्हणून वाईट वाटून घेऊ नका आणि कुणी छातीठोकपणे नाव सांगितलं तर पुरावा मागा.

मला स्वतःला 'याच्या आधीची नाही' असं सांगणाऱ्या खुणा जास्त भरवशाच्या वाटतात. बाणांच्या त्रिकोणात आकडा (प्लॅस्टिकचा प्रकार सांगणारी खूण) असेल तर १९८८ किंवा नंतरची. सीई (CE, युरोपातली सुरक्षा-नियमांची खूण) अक्षरं असतील तर १९९० किंवा नंतरची. खोक्यावर बारकोड असेल तर ७० च्या दशकाच्या मध्याच्या आधीची नाही, पहिला बारकोड दुकानात स्कॅन झाला तोच १९७४ मध्ये. 'वेस्ट जर्मनी' लिहिलं असेल तर उलट, ती १९९० च्या आधीची धरायची. आणि आतल्या बाजूला एकटाच ३ किंवा ७ दिसला तर ते साल नाही, मॉडेल नंबरही नाही, साच्यात एकदम अनेक नग ओततात त्यातला हा कितवा खाचा एवढंच ते सांगतं.

प्लॅस्टिक कुठलं ते नखाने टिचकी मारून कळतं. टणक, खणखणीत आवाज आला तर पॉलिस्टायरीन, ते कडक आणि ठिसूळ, हूक आधी तुटतात. मऊ, मेणचट लागलं आणि आवाज बद्द आला तर पॉलिथीन, त्याचा सुटा भाग पाण्यावर तरंगतो, पॉलिस्टायरीन बुडतं.

डबेवाली
वाकलेला डबा नाकाजवळ धरा. व्हिनेगरसारखा वास आला तर ते सेल्युलोज ॲसिटेट नावाचं जुन्या काळचं प्लॅस्टिक, म्हणजे तो खोक्यातला सगळ्यात जुना नग असायची शक्यता आहे. ब्रिटनच्या रोव्हेक्सने १९५० च्या नाताळात मार्क्स अँड स्पेन्सरसाठी प्लॅस्टिकचा रेल्वे सेट काढला होता, पुढच्या वर्षी लाइन्स ब्रदर्सने ती कंपनी घेतली आणि ट्राय-अँग नाव आलं. सुरुवातीचे डबे याच ॲसिटेटचे, आणि आज ते बहुतेक असेच वाकलेले मिळतात. चाकांमधलं अंतर मोजा, १६.५ मिमीच्या रुळावर बसत असेल तर पोटाखाली रोव्हेक्स किंवा ट्राय-अँग शोधा.

हा वाक सरळ होत नाही, प्रयत्नही करू नका, चिरतो. हवाबंद पिशवीत ठेवू नका, आतला आम्ल वास कोंडला की अजून लवकर खराब होतो आणि शेजारच्यांनाही धरतो. थंड, कोरड्या, वारा खेळत्या जागी वेगळा ठेवा. गरम सुई टोचून ओळखायचा सल्ला कुणी दिला तर ऐकू नका, सेल्युलॉइड हे चटकन पेटणारं जुनं प्लॅस्टिक निघालं तर पेट घेईल.

निळेरूळ
वाह, खूप आभार सगळ्यांचे! रूळ एकसंध आहेत, जीभ-खाच आहे, पोटाखाली टॉमी आणि मेड इन जपान. डब्याला वास येतोय!! लगेच बाजूला काढला. आता सेलच्या पावडरचं सांगा. आणि पांढरे भाग पिवळे पडलेत ते पेरॉक्साइडने उजळू का?

इंजिनवेडा
आत सेल अजून असेल तर आधी त्याच्यावर काय लिहिलंय वाचा. अल्कलाइन असेल तर कापसाच्या काडीवर थोडं व्हिनेगर, मग ओलसर काडी, मग पूर्ण कोरडं. साधा झिंक-कार्बन असेल तर व्हिनेगर नको, ती गळती मुळातच आम्ल असते, किंचित खाण्याचा सोडा पाण्यात कालवून पुसा. हातमोजे घाला. पिवळेपणाला मी तरी हात लावणार नाही.

साचेबंद
पिवळेपणावर माझं मत थोडं वेगळं, सुटा, साधा, रंग न दिलेला भाग असेल तर पेरॉक्साइड चालतं, पण काही काळाने पिवळेपणा परत येऊ शकतो आणि छापील पट्टा असेल तर तो जाईल. त्यापेक्षा चाकावरचे रबर आणि मऊ वायरी पॉलिस्टायरीनला चिकटून राहणार नाहीत हे आज बघा, त्यांच्यातलं तेल झिरपून डब्याला कायमचे वितळल्यासारखे खड्डे पडतात. ते एकमेकांपासून लांब ठेवा. आणि लाल इंजिनाच्या हूकचा जवळून फोटो टाका ना, हूकच्या आकारावरून ते कुठल्या गाडीची नक्कल आहे ते बऱ्याचदा कळतं.