नास्का भांड्याला मराठीत ‘सुरई’ म्हणावे का?

प्रश्न: पेरूच्या दक्षिण किनाऱ्यावरचे नास्का भांडे, साधारण इ.स.पू. 100 ते इ.स. 650 या काळातले. गोल पोट, वर दोन बारीक नळ्या, त्यांना जोडणारी आडवी पट्टी. संग्रहालयातल्या पाटीवर ‘रंगवलेली सुरई’ चालेल का?

उत्तर १: सुरई नको. सुरईला एक लांब गळा असतो, याला गळाच नाही. पोट वरून बंद आणि त्यातूनच दोन तोट्या निघतात. एका तोटीतून ओतताना दुसरीतून हवा आत शिरते, म्हणून धार न अडखळता पडते. ‘जोडतोटीचा चंबू’ जवळचा वाटतो.

उत्तर २: चंबूलाही गळा आलाच. सरळ ‘दुतोटी पात्र’ म्हणा.

माझी खरी हरकत ‘रंगवलेली’ला आहे. नास्का कुंभार भाजल्यावर रंग देत नसत. वळ्या रचून घडवलेले भांडे (अँडीजमध्ये चाक नव्हते) थोडे सुकले की त्यावर पातळ कालवलेल्या रंगीत मातीचे लेप देत. लालसाठी लोहाची माती, काळ्यासाठी मँगनीजची. एकेका भांड्यावर दहा-बारा छटाही दिसतात. मग घोटायचे आणि भाजायचे. लेप फार सुकलेल्या अंगावर दिला तर अंग आणि लेप वेगवेगळे आकसतात, पोपडे सुटतात. भट्टीत धूर कोंडला तर लाल काळवंडतो. चकाकी येते ती घोटण्याने, म्हणून ‘झिलई’ही लिहू नका. झिलई म्हणजे काचेचा थर, तो इथे नाही.

‘रंगवलेले’ हा शब्द त्याआधीच्या पाराकास भांड्यांसाठी राखून ठेवावा. तिथे आधी रेषा कोरून, भांडे भाजून, मग राळेत कालवलेले रंग भरत. ते रंग सहज खरवडले जातात, त्यामुळे हा फरक भांडे हाताळणाऱ्यालाही कळायला हवा.

प्रश्न: आणि उत्तरेकडच्या मोचे भांड्यांची ती कमानदार तोटी?

उत्तर १: ‘रिकिबी तोटी’. पोटातून दोन पोकळ नळ्या कमानीसारख्या वर येतात आणि एका तोटीत मिळतात. आकार थेट रिकिबीचा, आणि शब्द आपल्याकडे घोड्यावरून आलेला तयारच आहे.

उत्तर २: नास्काची पट्टी मात्र चपटी असते, तिच्यातून काही वाहत नाही. म्हणून ‘दांडा’ही नको. पाटी अशी करा: ‘दुतोटी पात्र, तोट्यांमध्ये पट्टी. रंगीत मातीचे लेप देऊन, घोटून भाजलेले. नास्का, पेरू.’