संक्रांतीला गावाकडचं जेवण: खवा नको, बाकी सगळं उणे १८ वर

प्रेषक: कार्यक्रम समिती, न्यू जर्सी

नमस्कार मंडळी,

संक्रांतीच्या स्नेहभोजनाला १५० पानं धरली आहेत. बीडच्या सीताफळाचा गर, हुरडा, पुरणपोळ्या, जमलं तर धपाटे आणि कुंथलगिरीचा खवा गावाकडून गोठवून आणायचा विचार आहे. माणशी ४० ग्रॅम गर, दोन पोळ्या आणि ६० ग्रॅम हुरडा असा हिशेब केला, तर गर ६ किलो, पोळ्या ३०० (अंदाजे २४ किलो) आणि हुरडा ९ किलो लागेल. थर्माकोलच्या पेट्यांतून विमानाने येईल का? तिकडच्या जाणकारांनी सांगावं.

प्रेषक: जालना (अन्नप्रक्रिया)

दादा, खवा यादीतून काढून टाका. भारत लाळ्या-खुरकुत या गुरांच्या विषाणूजन्य रोगापासून मुक्त देश नाही, म्हणून आपल्याकडच्या दुधाच्या पदार्थांवर अमेरिकेत कडक बंधनं आहेत. तो विषाणू गोठवल्याने मरत नाही, त्यामुळे थंडीचा इथे काही उपयोग नाही. तिकडचंच दूध आटवा. पोळ्याही तेलावर भाजून मागवा आणि तूप पानात वाढताना घाला.

बाकीच्या वस्तू येतील, पण गारवा इथे मराठवाड्यातच मालात उतरला पाहिजे. पेटी काय किंवा रीफर (जहाजाने जाणारा शीत) कंटेनर काय, दोन्ही गारवा राखतात, तयार करत नाहीत. उणे ८ अंश सेल्सिअसवर भरलेला माल रीफरमध्ये उणे १८ ला जाईल या भरवशावर राहू नका. गाभ्यात सुई घालून उणे १८ दिसल्याशिवाय माल शीतगृहाच्या दाराबाहेर काढायचा नाही.

सगळ्यात नाजूक सीताफळ. आंब्याच्या रसासारखा त्याचा गर तापवून डब्यात भरता येत नाही. तापला की कडवट होतो. हवा लागली की तांबूस पडतो. म्हणून गर काढल्याबरोबर त्यात एस्कॉर्बिक आम्ल (क जीवनसत्त्व) मिसळतात. मशीनमध्ये बी फुटता कामा नये, कारण कडवटपणा तिथूनही उतरतो आणि सीताफळाची बी विषारी असते. गर एक किलोच्या चपट्या पिशवीत, तीन सेंटिमीटरपेक्षा जाड नको, आणि लगेच उणे ३५ ते उणे ४० च्या ब्लास्ट फ्रीझरमध्ये (गार हवेच्या झोताने झपाट्याने गोठवणाऱ्या). पिशवी चपटी अशासाठी की उणे १ ते उणे ५ या टप्प्यातून माल जितका झपाट्याने जाईल, तितके बर्फाचे कण बारीक राहतात. घरच्या डीप फ्रीझरमध्ये तो याच टप्प्यात रात्रभर रेंगाळतो, कण मोठे होतात, पेशी फाटतात, आणि वितळल्यावर गर एकीकडे, पाणी एकीकडे. त्यामुळे कोणी "घरी गोठवून देतो" म्हणालं तर प्रेमाने नाही म्हणा.

हुरड्याचं गणित वेगळं आहे. तो निघतो ऐन संक्रांतीच्या आसपास, म्हणजे यंदाचा हुरडा जहाजाने वेळेत पोचणार नाही. मागच्या हंगामात गोठवलेलाच घ्यावा लागेल. घेताना वाण विचारा. गुळभेंडी किंवा परभणीच्या कृषी विद्यापीठाचा ‘परभणी वसंत’ असेल तर उत्तम. दाणा गोड आणि कणसातून सहज सुटणारा. कणीस तोडल्यावर गोडी उतरत जाते, म्हणून आगटी (कणसं भाजायचा जाळ) आणि फ्रीझर यांच्यात फार अंतर नको. भाजून, चोळून, पाखडून पूर्ण गार करायचा आणि ट्रेवर पातळ पसरून गोठवायचा. ढिगाने गोठवला तर त्याची वीट होते.

पोळी गरम असताना पिशवीत गेली की तिची वाफ आतच गोठते आणि वितळताना तेच पाणी पोळीला लागून ती चिकट होते, फाटते. पुरणाचा कट नीट निथळलेला हवा, पोळ्या जाळीवर गार झालेल्या हव्यात आणि दोन पोळ्यांमध्ये बटर पेपर हवा.

प्रेषक: छत्रपती संभाजीनगर (मालवाहतूक)

पेटीबद्दल लिहितो. पाण्याच्या बर्फाच्या किंवा साध्या जेलच्या पिशव्या गोठलेल्या मालासाठी कामाच्या नाहीत. त्या ० अंशाच्या आसपास वितळतात, म्हणजे उणे १८ च्या मालाला उलट ऊबच देतात. मिठाचं २३ टक्के द्रावण उणे २१ ला गोठतं, ते जवळच्या अंतराला चालतं. अमेरिकेपर्यंत ड्राय आइसच (गोठवलेला कार्बन डायऑक्साइड, जो न वितळता थेट वायू होतो) हवा.

आतून ४० × ३० × ३० सेंटिमीटर आणि ५० मिलिमीटर जाड भिंतीची थर्माकोलची पेटी धरा. बाहेर ३० अंश असतील तर दिवसाला पाच-सहा किलो ड्राय आइस उडून जातो. ७२ तासांना १८ किलो ड्राय आइस आणि जेमतेम १२ किलो माल. तुमच्या ३९ किलोंना चार पेट्या, म्हणजे ७२ किलो ड्राय आइस! पेटीचं बाहेरचं घनफळी वजन (घन सेंटिमीटरना ५००० ने भागून) १६ किलो येतं, पण खरं वजन ३१-३२ किलो भरतं, आणि भाडं जास्त असेल त्यावर लागतं. पुरणपोळीला हे भाडं झेपणार नाही असं माझं स्पष्ट मत आहे.

तरी कोणाला विमानानेच पाठवायचं असेल तर ड्राय आइस मालाच्या वर ठेवा, कारण गार वायू खाली उतरतो. पोकळ्या कागदाने भरा. झाकण हवाबंद कधीही करू नका. वायू कोंडला की पेटी फुटते. पेटीवर यूएन १८४५ (ड्राय आइसचा धोकादायक मालातला क्रमांक), वर्ग ९ चं लेबल आणि ड्राय आइसचं निव्वळ वजन किलोत लिहिलेलं हवं. शुक्रवारी माल सोडू नका. शनिवार-रविवार तपासणीविना गेला की ७२ तास गोदामातच संपतात.

एक आत्ताच सांगून ठेवतो: मे महिन्यात केसर आंब्यासाठी ही पेटी वापरू नका. ताज्या केसरला १२-१३ अंश लागतात, त्याखाली साल डागाळते आणि फळ नीट पिकत नाही. शिवाय अमेरिकेसाठी आंब्याला किमान ४०० ग्रे (विकिरणाच्या मात्रेचं एकक) विकिरण सक्तीचं आहे.

तुम्हाला सोयीचा मार्ग म्हणजे तिकडच्या एखाद्या आयातदाराच्या रीफरमध्ये माल घालणं. जालना ते न्हावा शेवा सुमारे ४०० किलोमीटर, तेवढा वेळ ट्रेलरवर जेनसेट (डिझेलवरचा वीजजनित्र संच) चालू हवा. डिझेल किती आहे ते निघतानाच पाहा. गोठलेल्या मालाला हवेचे झरोके पूर्ण बंद. माल कंटेनरच्या आतल्या लाल रेषेच्या वर रचायचा नाही, नाहीतर हवा फिरत नाही आणि छताजवळचे खोके आधी मऊ पडतात.

प्रेषक: ह्यूस्टन (आयात)

ताई-दादांनो, बुकिंगवर ‘उणे १८ सेल्सिअस’ असं अक्षरी लिहून घ्या. इकडे गोठलेल्या मालाला ‘शून्य’ म्हणतात ते फॅरनहाइटचं, म्हणजे उणे १७.८ सेल्सिअस. तिकडे कोणी ते सेल्सिअस समजून ० लावलं तर महिनाभराच्या प्रवासात सगळा माल जातो. उणे चिन्ह गाळून नुसतं १८ लिहिलं तर त्याहून वाईट.

कागदपत्रांत एक गैरसमज नेहमी दिसतो. घरी स्वतः केलेला पदार्थ एका व्यक्तीने दुसऱ्या व्यक्तीला भेट पाठवला तर एफडीएला (अमेरिकेचं अन्न व औषध प्रशासन) पूर्वसूचना द्यावी लागत नाही. मंडळाच्या तिकिटाच्या जेवणाला ही सवलत नाही. त्यासाठी कारखाना एफडीएकडे नोंदलेला हवा, इकडे पुरवठादाराची पडताळणी करणारा आयातदार हवा, आणि पूर्वसूचना जहाजाने येणाऱ्या मालासाठी किमान ८ तास, विमानाने येणाऱ्यासाठी ४ तास आधी हवी. धपाट्यांवर तीळ असतील तर ते लेबलवर ठळक लिहा. २०२३ पासून तीळ इथे ॲलर्जीकारक पदार्थांच्या यादीत आहे. गहू तर आहेच.

प्रेषक: कार्यक्रम समिती, न्यू जर्सी

आभारी आहोत. खवा रद्द, विमान रद्द. समुद्रप्रवासाचे तीस दिवस आणि वरचा वेळ धरून गर, पोळ्या आणि मागच्या हंगामातला हुरडा नोव्हेंबर संपायच्या आत कंटेनरमध्ये चढवायचा असं ठरवतो. माल इथे आल्यावर काय तपासायचं?

प्रेषक: जालना (अन्नप्रक्रिया)

दाराजवळच्या आणि मधल्या खोक्यात एकेक डेटा लॉगर (प्रवासभर तापमान नोंदवणारं यंत्र) घालून देऊ. आधी त्यांचे आकडे पाहा. मग हुरड्याची पिशवी हातात घेऊन हलवा. दाणे खुळखुळले तर गारव्याची साखळी शाबूत आहे. गोळा झाला असेल तर माल वाटेत वितळून पुन्हा गोठला आहे. मग त्या खोक्यातला गरही वापरू नका, वरून कितीही पांढराशुभ्र दिसला तरी.