निवृत्तीचीच वाट कशाला?

निवृत्तीनंतर पूर्णवेळ समाजकार्य करणार, असं एकांनी लिहिलंय. जरूर करा, पण मुहूर्त कशाला शोधायचा? गाडगेबाबांनी १९०५ साली घर सोडलं आणि १९५६ मध्ये देह ठेवेपर्यंत, म्हणजे पन्नासेक वर्षं, हातातला खराटा सोडला नाही. गावात शिरले की आधी रस्ते झाडायचे, कीर्तन रात्री. आधी काम आणि मग बोलणं, खरी मेख इथंच आहे. (आपल्याकडच्या बऱ्याच मंडळांचं गाडं बॅनरवर कुणाचे फोटो टाकायचे इथंच अडतं, असो.) हाती आलेला पैसा पंढरपूर, आळंदी, नाशिकच्या धर्मशाळांत गेला. त्यातली पंढरपूरची चोखामेळा धर्मशाळा तर त्यांनी बाबासाहेबांच्या पीपल्स एज्युकेशन सोसायटीच्या हवाली केली.

एवढं आपल्याच्यानं होणार नाही, मान्य. पण आठवड्यातून दोन तास? सरकारी दवाखान्यात सकाळी केसपेपरच्या रांगेत जाऊन बघा. खेड्यातून आलेली आजी हातात आधारकार्ड आणि पिशवीत जुने एक्स-रे घेऊन चुकीच्या खिडकीपाशी तासभर उभी असते. तिला योग्य खिडकी दाखवायची, फॉर्म भरून द्यायचा, बस. त्याआधी अधीक्षकांच्या ऑफिसात विचारून घ्या, नाहीतर वॉर्डबॉय एजंट समजून हाकलतील.